अंबाडीचे पाणी

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की तुमचा आवाज आठवण्यासाठी मला आधी तुमचे एखादे वाक्य आठवावे लागते. वाक्य आले की मागोमाग आवाज येतो, आणि मग खडूने पांढरी झालेली तुमच्या शर्टाची बाही दिसते. गेल्या आठवड्यापासून मी फार चिडलेलो आहे आणि ज्याच्यावर रीतसर चिडावे असा माणूस सापडत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत आहे. मी तुमच्या लक्षात असण्याचे कारण नाही. अमरावतीच्या कॉलेजात तुमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलाशी उभा राहणारा, शर्टाचे गळ्याजवळचे बटणसुद्धा लावणारा जो विद्यार्थी होता, तो मी. पुढे मी अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तोच विषय शिकवला, निवृत्तीनंतर इथे अमरावतीत राजापेठेत घर घेतले, आणि मागच्या वर्षी माझी पत्नी कर्करोगाने गेली. गळ्याजवळचे बटण मी अजूनही लावतो.

गेल्या आठवड्यात तिचे वर्षश्राद्ध झाले. पाने उठली, मुलगी आणि जावई अकोल्याच्या बसची वेळ गाठायला निघून गेले, आणि पत्नीची थोरली बहीण बैठकीत सुपारी कातरत बसली. या बाई कौंडण्यपूरजवळच्या गावी राहतात. मनाच्या वाईट नाहीत; आजारपणात महिनाभर येऊन राहिल्या होत्या. अडकित्त्यावरची नजर न उचलता त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमी एवढे शिकलेले, पोरं शिकवले जनमभर. पण माह्या बहिणीले येळेवर गुळवेलीचा काढा भेटला असता, तं आज इथं बसली असती ती." त्या बैठकीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हेच वाक्य निरनिराळ्या चित्रांसह येऊन पडलेले असते. अमुक पाच भाज्या खा, तमुक रस उपाशीपोटी घ्या, आजार दाराशीही येणार नाही. मग त्यांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले आणि तितक्याच सहजपणे पुढे म्हणाल्या, "आता पोरीचं तरी ध्यान ठेवा. तिच्या काखेपाशी गाठ लागून राहिली हाताले. म्या सांगतलं, हळदीचा लेप लाव अन् सकाळी काढा घे. घेऊन राहिली बिचारी."

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आईच्या उपचारांच्या वेळीच डॉक्टरांनी मुलीला समोर बसवून बजावले होते की तिने स्वतःची तपासणी करून घेण्यात हयगय करू नये. ती दर वेळी पुढच्या महिन्यात म्हणत होती, आणि आईचे सुतक, मुलांच्या परीक्षा, जावयाची बदली अशा कारणांवर मी दर वेळी मान डोलावत होतो. गाठ हाताला लागल्यावर तिने ती मावशीला सांगितली, मला सांगितली नाही. मावशीने हळद सांगितली. सर, हळदीशी माझे काही वैर नाही, हे तुम्ही तरी जाणता. माझी अडचण हीच आहे की हळदीची आणि माझी ओळख तुम्ही करून दिलीत, आणि आमच्या घरात हळदीचे गुण सर्वांत अधिक कोणी गायले असतील तर ते मी.

दुसऱ्या वर्षाचा तो तास माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुम्ही बाजारातून अंबाडीची जुडी घेऊन येता, आणि शिपाई विचारतो की सर, आज प्रयोगशाळेत भाकर पण आहे का. तुम्ही पाने खलात वाटता, अर्क काढता, गाळण कागदाच्या पट्टीवर त्याचा हिरवा ठिपका ठेवता आणि पट्टी बरणीत उभी करता. आम्ही सारे वाकून पाहतो आहोत. ठिपका वर चढू लागतो आणि पाहता पाहता फुटतो. खाली पोपटी, त्यावर गर्द हिरवा, आणि सर्वांच्या पुढे धावणारा पिवळा. तुम्ही म्हणता, "हा पिवळा आत्ता आलेला नाही. हा होताच. हिरव्याच्या दडपणाखाली दिसत नव्हता." मग खुर्चीवर बसता आणि पुस्तकी भाषा सोडून आपल्या भाषेत येता. "झाडाले पाय नाहीत. ऊन तापलं, कीड आली, ढोर आलं, तं ते पळन कुठं? म्हणून ते आपल्या पानातच दवाखाना उघडते अन् पोलीस ठाणंही तिथंच उघडते." वर्ग हसतो. कडू, तुरट, तिखट, भडक रंगाचे, जे जे किडीला आणि ढोराला नकोसे ते ते झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी घडवलेले आहे, हे त्या दिवशी मला समजले. आणि माणूस असा विचित्र प्राणी की त्याने नेमकी तीच शस्त्रे वेचून फोडणीत घातली, आणि त्याच्या शरीराला ती बऱ्यापैकी मानवली, हेही तुम्हीच सांगितलेत. मी घरी जाताना प्रत्येक कुंपणाकडे नव्या नजरेने पाहत गेलो.

त्यानंतर हळदीचा प्रयोग होता. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद सोड्याच्या पाण्याने लाल होतो, एवढाच तो प्रयोग. मी उत्साहाच्या भरात निष्कर्षाखाली लिहिले की यावरून हळद ही मानवी आरोग्यास अत्यंत हितकारक असल्याचे सिद्ध होते. तुम्ही सर्वांसमोर वही वर धरलीत. "काहून रे, हे कुठं पाहिलं तू? कागद लाल झाला एवढं पाहिलं. कागदाले कोणता आजार होता?" सारी प्रयोगशाळा हसली. तुम्ही लाल शाईने ते वाक्य खोडलेत आणि वही परत देताना हळू आवाजात म्हणालात, "पाहिलं तेवढं लिहावं. निष्कर्ष हाती आला नसेल तर ती जागा रिकामी सोडावी. रिकामी जागा म्हणजे चूक नव्हे." मी ते आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगितले. घरात मात्र ती जागा मी कधी रिकामी सोडली नाही.

लग्न झाले तेव्हा आम्ही अकोल्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पत्नीने पहिल्यांदा अंबाडी केली ती तिच्या माहेरच्या पद्धतीने, म्हणजे आपल्याकडे सगळेच करतात तशी. पाने गंजात उकळली, चाळणीत घालून दाबली, आणि ते लालसर हिरवे आंबट पाणी मोरीत ओतायला निघाली. मी तिला थांबवले आणि पाण्यात विरघळणारी सर्व उपयुक्त द्रव्ये त्या पाण्यात उतरलेली असून ती वाया जात आहेत, असे एक संपूर्ण वाक्य बोललो. ती चाळणी हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आंबट ढाण होते भाजी, खाववत नाही कोणाले. तुमचं रसायन तुमच्या बाटलीत ठेवा, माह्या गंजात नोका घालू." आणि पाणी ओतून दिले. पुढच्या खेपेला अंबाडी झाली तेव्हा कण्या घातलेली भाजी, भाकर आणि लसणाची फोडणी यांच्या शेजारी माझ्या ताटात एक वाटी आली. वाटीत ते पाणी. "घ्या," ती म्हणाली, "तुमचे गुण." मी तोंड वाकडे न करता ते प्यालो. तिने विचारले, "कसं आहे?" मी म्हणालो, "उत्तम आहे." त्यानंतर आमच्या घरी अंबाडी झाली आणि ताटात ती वाटी आली नाही असे कधी झाले नाही. पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले की त्या पाण्यातून नकोशी आम्लेही निघून जातात, मूतखड्याची तक्रार असलेल्यांनी तर ते टाकून दिलेलेच बरे. मी तिला तसे प्रामाणिकपणे सांगितले. ती पदर तोंडाला लावून हसत राहिली. "एवढे वर्ष पेले, अन् आता सांगता?" पुढच्या खेपेला वाटी आली ती आलीच.

थट्टा करता करता तिने माझे बाकी सारे ऐकले. लसूण ठेचल्याबरोबर तेलात टाकू नये, थोडा वेळ तसाच राहू द्यावा, कारण त्यातले औषधी द्रव्य ठेचल्यावरच तयार होऊ लागते, हे मी सांगितल्यापासून ती ठेचलेला लसूण पाट्यावर तसाच ठेवून म्हणायची, "याले आराम करू द्या, साहेबांचा हुकूम आहे." वांग्याची साल काढायची नाही, हळद तेलात आणि मिऱ्याच्या सोबतीने घालायची, जवसाची चटणी रोज पानात हवी, कारल्याचे पाणी पिळून टाकायचे नाही. ज्वारीची भाकर तर होतीच. ती पुस्तकात दाखवावे असे जेवली. आणि तरीही एके दिवशी आंघोळ करून बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू आला नाही. छातीतली गाठ तिने मला त्या दिवशी सांगितली.

माझी चीड नेमकी कशावर आहे ते इथे लिहितो. लोक दोन गोष्टी बोलतात आणि दोन्ही खोट्या आहेत. अर्धे म्हणतात की अमुक खाल्ले असते तर ती वाचली असती. ती खात होती. उरलेले अर्धे म्हणतात की पाहा, एवढे खाऊनही काय उपयोग झाला, म्हणजे हे सगळे थोतांडच. तेही खरे नाही. भाज्या, फळे, डाळी, कडधान्ये खाणाऱ्या माणसांच्या मोठ्या समूहात हृदयविकार आणि काही प्रकारचे कर्करोग थोडे कमी आढळतात, असे जाणकार सांगतात, आणि ते मी मानतो. पण थोडे कमी हे शब्द गावाला लागू होतात, घराला होत नाहीत. गावात जो आजारी पडायचा टळला त्याला आपण टळलो हे कधीच कळत नाही. तो कोणाचे आभार मानणार नाही. आणि ज्या घरात आजार आला त्या घरात थोडे कमी या शब्दांना काही अर्थ उरत नाही. ही गोष्ट मी आयुष्यभर वर्गात नीट शिकवू शकलो असतो. मला ती समजायला माझ्या घरातले माणूस जावे लागले, याची मला लाज नाही वाटत, राग येतो.

तिला पोहोचवून परत आलो तेव्हा दाराशी कोणीतरी कडुलिंबाची डहाळी घेऊन उभे होते. आपल्याकडे स्मशानातून आलेल्याने एक पान चावून मगच उंबरा ओलांडायचा. मी पान तोंडात घातले. शेजारचा एक तरुण, चांगला शिकलेला, गंभीर चेहऱ्याने माझ्या कानाशी म्हणाला, "काका, यामागे सायन्स आहे. इम्युनिटी वाढते." मी पान चावत राहिलो. सर, त्या दिवशी मला प्रथमच विज्ञानाचे नाव ऐकून कोणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली. ते पान आरोग्यासाठी नव्हते. ते कडू होते म्हणून द्यायचे होते, आणि कडू होते म्हणूनच घ्यायचे होते. यापलीकडे त्याला काही सिद्ध करायचे नव्हते.

असो. बाईंनी सुपारी कातरत ती बातमी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्याची बस धरली. मुलीने दार उघडले आणि माझ्याकडे पाहूनच तिला कळले. "मावशीनं सांगितलं ना," ती म्हणाली. "तिच्या पोटात काही राहत नाही." मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर कारली चिरून ठेवलेली होती, शेजारी मिक्सर, गुळवेलीच्या कांड्या, आणि एका वाटीत कालवलेली हळद. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. प्रतिबंध आणि उपचार या दोन भिन्न संकल्पना आहेत, आहारातील संयुगे शरीराच्या संरक्षक यंत्रणेला साहाय्य करतात परंतु विद्यमान गाठीचे निदान करू शकत नाहीत, अशा प्रकारे मी बराच वेळ बोललो. प्रत्येक वाक्य बरोबर होते. ती कारल्याच्या बिया काढत राहिली.

मग म्हणाली, "बाबा, हे सगळं खायला तुम्हीच शिकवलं. साल काढू नको, पाणी फेकू नको, लसणाला आराम करू दे. लहानपणी मैत्रिणींच्या घरी गुलाबजाम असायचे, आपल्याकडे जवसाची चटणी. आता मी तेच करून राहिली, तर तुम्ही म्हणता ते पुरत नाही."

"मी ते पुरते असे कधीच म्हटले नव्हते."

"पुरत नाही असंही कधी नाही म्हटलं."

मी खुर्चीवर बसलो. मी म्हणालो, तपासणी काही फार अवघड नसते, एका दिवसाचे काम असते. तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. तिने शुद्ध बोलावे असा घरात मी फार आग्रह धरला, सर, आणि ती माझ्यासमोर बहुधा तसेच बोलते. त्या दिवशी नाही बोलली. "तपासणी झाली नोती तोवर आई भाजी निसत होती," ती म्हणाली. "हसत होती, मले फोनवर चटणीचं माप सांगत होती. तपासणी झाली अन् त्या दिवसापासून ती पेशंट झाली. केस गेले, चव गेली, मंग तीच गेली. तुमी मले तिथंच नेऊन राहिले. मले नाही पाहायचं, बाबा. मले काढा पेऊ द्या."

तेव्हा मला कळले की काढ्यावर तिचा विश्वास नव्हताच. ती फक्त दार लावून घेत होती, आणि दाराला लावायला हाताशी जे होते ते आम्हीच तिला दिले होते. चिरलेल्या कारल्याचा तो हिरवा कडवट वास स्वयंपाकघरभर पसरला होता, आणि त्या वासाने मला तुमच्या घरी नेऊन बसवले.

तुमची माझी ती शेवटची भेट. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि पेढे घेऊन आलो होतो. काकूंनी तुम्हाला पेढा दिला नाही. साखरेचा आजार होता तुम्हाला. पानात कारल्याची भाजी होती, साल न काढलेली, पाणी न पिळलेली, आणि तुम्ही ती आवडीने खात होतात. जेवण झाल्यावर तुम्ही खिशातून गोळी काढून घेतलीत, आणि काकूंना म्हणालात की सकाळी रक्त तपासायला जायचे आहे, रिकाम्या पोटी उठवा. मी मोठ्या शहाणपणाने विचारले, "सर, तुम्ही रोज कारले खाता, मग गोळी आणि तपासणी कशाला? तुमचाच तुमच्या विद्येवर विश्वास नाही का?" तुम्ही हात धुऊन आलात, टॉवेलला हात पुसत माझ्यासमोर बसलात आणि जे बोललात ते मी त्या वेळी केवळ एक गमतीदार वाक्य म्हणून लक्षात ठेवले होते.

मी अकोल्याच्या त्या स्वयंपाकघरात मुलीला तेच सांगितले. तुमचे शब्द प्रमाण मराठीत सांगता येईनात. मी प्रयत्न केला आणि वाक्य मोडले. म्हणून ते जसे होते तसेच बोललो, कित्येक वर्षांत जी भाषा मी तोंडावर येऊ दिली नव्हती त्या भाषेत.

"वावरात जागल्या ठेवला," मी म्हणालो, "म्हणून सकाळी वावर पाहाले जाणं सोडते का कोनी? जागल्या रातभर डुकरं हाकलते. सगळेच नाही हाकलत. त्याचा डोळा लागते, एखादं मागच्या धुऱ्यानं घुसते. म्हणून जागल्या वाईट नसते. पण मालकाले सकाळी जा लागते. पाहिल्यानं पीक खराब होत नाही, माय. खराब झालं असन, तं दिसते फक्त."

मला वाटले मुलगी रडेल. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गावच्या आजोबांसारखं बोलले." मग विचारले, "आणि घुसलेलं असलं तर?"

"तर लवकर पाहायला गेलेल्याचे नुकसान कमी होते," मी म्हणालो. "आईचे वावर आपण उशिरा पाहिले. गाठीचे तिने मलाही बरेच दिवस सांगितले नव्हते." हे मी तिला आजवर सांगितले नव्हते. तिने चिरलेली कारली भांड्यात काढली, त्यावर तिखट-मीठ घातले आणि जेवणासाठी भाजीच करून टाकली. त्या दिवशी रस झाला नाही. जावई संध्याकाळी आले तेव्हा त्यांनी भाजी चाखली आणि म्हणाले, "आज लग्नाचा वाढदिवस विसरलो नाही ना मी? नाही, शिक्षा झाल्यासारखं वाटून राहिलं म्हणून विचारलं." ती हसली. तिच्या आईची हसण्याची रीत तीच होती, पदर नसला तरी हात तोंडाकडे जातो.

काल तपासणी झाली. यंत्रावर चित्रे काढली, सुईने नमुना घेतला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तिला म्हणाल्या की आलात हे चांगले केले, आता जे असेल ते कळेल. मुलीने त्यांना विचारले की हळद, काढा यांचा उपयोग असतो का. त्या म्हणाल्या, "जेवणात हळद खुशाल खा. काढा, लेप तूर्त बंद ठेवा, आणि जे काही घेत असाल ते मला सांगत जा." सर, एवढे साधे होते. माझ्या त्या सगळ्या संयुगांशिवाय ते सांगता येत होते.

अहवाल यायला काही दिवस लागतील. जावई तो घेऊन इकडे येतील. तोवर मुलगी माझ्याकडे राजापेठेत राहणार आहे. आज सकाळी पत्नीच्या बहिणीचा गावाहून फोन आला. "पोरीले भेव देल्ला तुमी. सुई टोचली तं गाठ पसरते, लोक सांगतेत." मी त्यांना उद्धट काही बोललो नाही. मी म्हणालो, "पसरत नाही. आणि तुम्ही तिच्यासाठी काही करणार असाल तर अंबाडी पाठवा." माझ्या तोंडून असे काही बाहेर पडेल याची मला कल्पना नव्हती. दुपारी त्यांच्या पुतण्याने मोटारसायकलवरून भली मोठी जुडी आणून दिली. सोबत निरोप होता की पाणी चांगलं पिळून काढाल, नाई तं पोरगी खाणार नाही.

भाजी मी केली. मला येत नाही. मुलीने खुर्चीवरून सूचना दिल्या आणि मी त्या पाळल्या. पाने उकळली, चाळणीत घालून दाबली, लसूण ठेचून ठेवला आणि त्याला आराम करू दिला. पाणी खालच्या गंजात जमले. ते तसेच लालसर हिरवे होते. मी ते घेऊन मोरीपर्यंत गेलोही होतो. मग परत आलो आणि एक वाटी भरून मुलीच्या ताटाशेजारी ठेवली. तिने वाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "घ्या, तुमचे गुण," ती म्हणाली, अगदी आईच्या सुरात, आणि वाटी उचलून एका दमात प्यायली. तिचे डोळे मिटले, चेहरा आक्रसला. "बाबा, हे तुम्हाला उत्तम लागायचं?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

हे पत्र कुठे टाकण्याचा प्रश्न नाही. ते मी घडी करून कपाटात ठेवीन, आणि घडी करण्यापूर्वी तुमच्या शिस्तीने पूर्ण करतो. पाहिले तेवढे लिहितो. पाने उकळली. पाणी वेगळे काढले. मुलीने ते प्यायले. गाठीत जे काही आहे ते कालच सुईने घेतले गेले आहे, आणि आजच्या वाटीने त्यात तसूभर फरक पडणार नाही, हे मला तुमच्याइतकेच पक्के ठाऊक आहे. निष्कर्षाची जागा मी रिकामी सोडली आहे. फक्त एक गोष्ट, जी तुम्ही नक्कीच लाल शाईने खोडली असती: ती पीत होती, तेव्हा वाटी रिकामी होईपर्यंत माझा त्या पाण्यावर विश्वास होता.